सन्मतीच्या मोबाईलमधले फोटो

पहाटे पाचला मगदुमांच्या घरात एका वारलेल्या माणसाचा गजर वाजतो. भुताखेताचं यात काही नाही, उगाच अंग आखडून बसू नका. सन्मती मगदूमनं हयात असताना मोबाईलला पाचचा गजर लावला होता आणि तो गेल्यावर कुणी तो काढला नाही, एवढीच गोष्ट. त्याची आई चंदनबाला तो मोबाईल रोज संध्याकाळी चार्जिंगला लावते आणि देवळीत ठेवते. पहाटे वाजला की उठून बसते, "व्हय रं, उठले," म्हणते आणि बोटानं बंद करते. दोन वर्षं झाली, एका दिवसाचा खंड नाही.

शेजारच्या खाटेवर कल्लाप्पा डोळे मिटून पडलेला असतो. झोपेचं सोंग घेतो. खरं तर तो गजराच्या आधीच जागा असतो आणि आज तरी वाजू नये म्हणून जीव मुठीत धरून वाट बघत असतो. वाजतोच तो. मग चंदनबालाचं ते "व्हय रं" येतं आणि कल्लाप्पा पांघरूण डोक्यावर ओढून घेतो.

कल्लाप्पा हा सन्मतीचा बाप. वय अडुसष्ट. सांगलीपासून चार-पाच किलोमीटरवर कृष्णाकाठाला त्याचं गाव, आणि गावाची ओळख म्हणजे हळदीची पेवं. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काठच्या घट्ट मातीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेला तो एक रांजणच म्हणायचा. तोंड एवढुसं, की माणसानं अंग चोरून उतरावं, आणि पोट असं, की गाड्याच्या गाड्या हळद गिळून ढेकर देणार नाही. भरलं की वर फरशी टाकायची आणि मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही. चार वर्षांनी काढा, हळद तशीच पिवळीधमक.

पण कीड जिथं जगत नाही तिथं माणूस तरी कसा जगणार? म्हणून पेव उघडायची रीत आहे. सकाळी सहाला तोंड उघडायचं, दुपार टळेपर्यंत उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. विझला तर मागं फिरायचं, तेवत राहिला तर उतरायचं. कल्लाप्पानं चौदाव्या वर्षापासून हेच केलं. व्यापाऱ्यांची पेवं राखली, भरली, उघडली. पन्नास वर्षांत त्याच्या पेवात कुणाला साधी घेरी आली नव्हती. गावात म्हणायचे, कल्लाप्पानं उतर म्हटलं की डोळे झाकून उतरावं.

सन्मती त्याच्याच शब्दावर उतरला.

ते साल बावीस, मार्च महिना. महापुरानं गावातली बहुतेक पेवं खचवली होती, कल्लाप्पाच्या राखणीत सहाच उरली होती. त्यातलं एक उघडायचं ठरलं. कल्लाप्पानं सहाला तोंड उघडायचं आणि सन्मतीनं चारच्या सुमाराला हमाल घेऊन यायचं. कल्लाप्पा सहाला लुनावर घराबाहेर पडलाही. आता या माणसाला व्यसन म्हणून नाही, विडी नाही, तंबाखू नाही. एकच खोड, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघत उभं राहायचं. घेणं नाही, विकणं नाही, नुसतं बघायचं. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं, आज राजापुरी हळदीला लय दर निघणार. झालं. कल्लाप्पाच्या मनानं हिशेब केला, हमाल चारला येणार, पेव दहाला उघडलं तरी चालतंय. लुना पेवाकडं वळायच्या ऐवजी सांगलीकडं वळली.

सन्मतीनं त्याला आठवड्याभरापूर्वीच झापलं होतं. "आप्पा, कामाच्या दिवशी यार्डात दिसला तर बघा," असं हमालांच्या देखत म्हणाला होता. कल्लाप्पाला ते फार लागलं होतं. आणि दहाच्या सुमाराला यार्डात बघतो तर काय, समोर सन्मतीच उभा! कुणा व्यापाऱ्याला पाठवायला हळदीच्या ढिगांचे फोटो काढत होता. कल्लाप्पा चटकन पोत्यांच्या थप्पीमागं सरकला. बाप पोराला भिऊन पोत्यांमागं लपला, हसायचं असेल तर हसून घ्या. लपता लपता त्याला दिसलं, की सन्मतीनं मोबाईल उचललाय आणि त्याचं तोंड थप्पीकडंच आहे. आपण त्यात आलो की नाही, ते काही कळलं नाही.

सन्मती तिथनं हलेपर्यंत तासभर तो थप्पीमागंच अडकून पडला, मग लुना पिटाळत सुटला. पेवाची फरशी सरकवली तेव्हा साडेअकरा झाले होते. अजून साडेचार तास हाईत, भागंल, असं स्वतःला समजावत तो सावलीला टेकला. पण ट्रक लवकर आला. पाऊण वाजता सन्मती हमाल घेऊन हजर.

"आप्पा, कवा उघडलंय?"

पोराचं बोलणं अजून मनात सलत होतं, हमाल ऐकत होते, आणि कल्लाप्पाच्या तोंडातून निघून गेलं, "सहाला."

"मग झालं की."

"थांब, कंदील सोडतो," कल्लाप्पा म्हणाला आणि खोपीत गेला. सन्मती मागनं हसत म्हणाला, "सात तास झालं की आता. आणा तुमी सावकाश." कल्लाप्पाला काडेपेटी सापडेना. सापडली ती दमट. इकडं सन्मतीनं मोबाईलची बॅटरी लावून आत उजेड टाकला, खाली हळद लख्ख दिसली, आणि तो दोरीला धरून उतरला. कल्लाप्पा पेटता कंदील घेऊन बाहेर आला तेव्हा हमाल आत वाकून हाका मारत होते. वर काढला तेव्हा सन्मती गेलेला होता आणि त्याच्या मुठीतल्या मोबाईलची बॅटरी जळतच होती. वाईट हवेत कंदील विझतो, तसा मोबाईल विझत नाही. तो भर दुपारी कल्लाप्पाच्या तोंडावर पांढराफेक उजेड मारत राहिला.

पोलिसांनी विचारलं, कल्लाप्पानं सहाला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, सहाला. सांत्वनाला आलेल्या शंभर माणसांना सहाला. एकदा बोललेलं फिरवायची एक वेळ असते, ती पहिल्या घटकेतच निघून गेली. यार्डात त्याला पुष्कळांनी बघितलं असणार, पण रोज दिसणारा माणूस नेमका कुठल्या दिवशी दिसला हे कोण सांगणार? राहता राहिला तो मोबाईल. त्यात तो फोटो होता, आणि त्या फोटोत कल्लाप्पा असेल तर सकाळी दहाला तो पेवावर नव्हता हे सगळ्या जगाला दिसणार होतं. मोबाईलला कुलूप होतं. बोटानं काढायची ती नक्षी फक्त सुनेला, प्रियदर्शनीला माहीत होती. ती अधूनमधून त्यातले लेकीचे फोटो बघायची, पण शेवटच्या महिन्याच्या जवळ आली की बंद करायची. तिच्यानं पुढं जाववत नसे.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, शिकलेला पोरगा, कंदील टाकून मोबाईलचा उजेड केला, घाई नडली. कल्लाप्पा बसून ऐकायचा. चंदनबालासुद्धा रडता रडता म्हणायची, "माझ्या लेकाला घाईच लय वो, पोटात असल्यापासनं." कल्लाप्पा तेही ऐकायचा. दुसरं म्हणजे, सात तास उघडं ठेवूनही माणूस मेला म्हणजे महापुरानं मातीच नासली, असा निष्कर्ष जाणत्यांनी काढला आणि उरलेली पाचही पेवं माती लोटून बुजवून टाकली. चांगली, धडधाकट पेवं होती ती. कल्लाप्पा काठावर उभा राहून एकेक बुजताना बघत होता आणि त्याला तोंड उघडता आलं नाही.

पर्युषण संपलं की जैनांच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. सगळे एकमेकांना हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतात. कल्लाप्पानं दोन्ही वर्षं बायकोपुढं आणि सुनेपुढं हात जोडले. "उत्तम क्षमा," तो म्हणाला. "उत्तम क्षमा," दोघीही म्हणाल्या आणि कामाला लागल्या. इतकं सोपं होतं ते. त्या दिवशी त्याला अन्न गेलं नाही, आणि चंदनबालाला वाटलं, नवऱ्याला लेकाची आठवण आली.

अशी दोन वर्षं निघाली. यंदाच्या दिवाळीनंतर मोबाईलच दगा द्यायला लागला. त्याची पाठ फुगली, पडद्यावर हिरवी रेघ उमटली. प्रियदर्शनी आता सांगलीत एका शाळेच्या ऑफिसात कामाला जाते. जाता जाता ती मोबाईल घेऊन सोनमच्या दुकानात शिरली. सोनम मोबाईल दुरुस्त करते, हात चांगला आहे तिचा. तिनं बॅटरी बदलून दिली आणि स्पष्टच सांगितलं, "ताई, आतला बोर्ड गेलाय. एकदा बंद पडला की परत चालू होईल असं मी सांगू शकत न्हाई. फोटो-बिटो आजच्या आज काढून घ्या."

फोटो म्हणजे लग्नातले, लेक ब्राह्मीच्या जन्मापासूनचे, शेतातले, बस्तीतल्या म्हणजे जैन मंदिरातल्या पूजेचे. दुसरीकडं कुठंच नव्हते. ऑफिसातल्या एका बाईंनी सुचवलं, इंटरनेटवर चढवून टाक, कायमचे राहतील. पण त्या खात्याचा पासवर्ड सन्मतीबरोबर गेलेला. नवा काढायचा तर ओटीपी त्याच्या नंबरवर जाणार, आणि तो नंबर रिचार्ज न केल्यानं बंद पडून दुसऱ्या कुणाच्या नावावर गेला होता. हे चंदनबालाला आधीच ठाऊक होतं. पहिल्या दिवाळीला तिनं वेड्यासारखा तो नंबर लावला होता. पलीकडनं उचलला गेला. "कोण पाहिजे?" कडेगावचा कुणी माणूस होता. "कोण न्हाई बाबा," म्हणून तिनं ठेवला, आणि दिवसभर म्हणत बसली, "उचलला की गं कुणीतरी, उचलला."

म्हणून फोटो घरातल्या घरात कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरले. प्रियदर्शनीनं जुना लॅपटॉप विकत घेतला होता, त्यावर एक प्रत आणि बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कवर दुसरी. कल्लाप्पानं दोन दिवस काढता येतील तेवढ्या शंका काढल्या. वीज जाईल, लॅपटॉप जुना हाय, कशाला त्या मोबाईलला तरास देता, देवळीत हाय तो बरा हाय. चंदनबाला म्हणाली, "आवं, त्यो मरायला लागलाय."

रविवारी दुपारी जेवणं उरकली. ब्राह्मी बस्तीतल्या पाठशाळेला गेली होती. प्रियदर्शनीनं सोप्यात पाटावर लॅपटॉप मांडला आणि वायर जोडली. मोबाईल नुसताच चार्ज व्हायला लागला, लॅपटॉपला काही दिसेना.

"ही वायर नुसती चार्जिंगची आहे वाटतं," ती म्हणाली. सोनमनं दिलेली दुसरी वायर काढून लावली. मोबाईलवर प्रश्न आला, चार्जिंग करायचं की फाईली द्यायच्या. तिनं फाईली द्यायच्या म्हणून सांगितलं. लॅपटॉपवर मोबाईल उघडला आणि लगेच गेला. परत आला, परत गेला. वायर खुपसायचं भोक सैल झालं होतं. अंगठ्यानं वायर वरच्या अंगाला दाबून धरली की लागायचं, सोडली की तुटायचं.

"कुणीतरी धरून बसायला पाहिजे. मामा, तुम्ही धरा. तुमचा हात दोरीवरचा, हलायचा नाही," प्रियदर्शनी सासऱ्याला म्हणाली.

"मला न्हाई जमायचं ते."

"धरा की आवं," चंदनबाला म्हणाली. "एवढं तरी करा लेकाचं."

कल्लाप्पा बसला. दोन वर्षांत त्यानं या मोबाईलला हात लावला नव्हता. हातात घेतला तर गरम लागला, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा. त्यानं अंगठा वायरीवर दाबला. लॅपटॉपवर मोबाईल उघडला आणि यावेळी राहिला.

"चार हजार तीनशे बारा फोटो आहेत," प्रियदर्शनी म्हणाली. "आणि व्हिडिओ वेगळे. कट करत नाही मी, कॉपी करते. म्हणजे मोबाईलमधले तसेच राहतात. शेवटी दोन्हीकडचा आकडा जुळवून बघू. आत्ती, हलवू देऊ नका हां मामांना. मध्येच तुटलं आणि मोबाईल बंद पडला तर संपलं."

म्हणजे बघा, कुठं आणून बसवलं नशिबानं त्याला. सगळे फोटो त्याच्या अंगठ्याखालून जाणार होते आणि त्याचा फोटोही त्यातनंच जाणार होता. अंगठा गव्हाएवढा उचलला की भागलं. म्हातारा माणूस, हात थरथरला, कोण दोष देणार?

फोटो यायला लागले. प्रियदर्शनीनं लॅपटॉपवरचं फोल्डर उघडंच ठेवलं होतं, एकेक फोटो येऊन त्यात बसत होता, जुन्यापासून नव्याकडं. चंदनबाला चष्मा लावून पुढं सरकली. हळदीच्या अंगाचा सन्मती, मुंडावळ्या बांधलेला सन्मती. "आगं, ह्यो बघ, ह्यो माझ्या भावाच्या दारातला!" मग दुपट्यातली ब्राह्मी, ब्राह्मीचा नुसता पाय, ब्राह्मीची झोप, एकाच झोपेचे सतरा फोटो. चंदनबाला चक्क हसत होती. सून हसत डोळे पुसत होती. घरात असला आवाज होऊन दोन वर्षं झाली होती आणि तो आवाज कल्लाप्पाच्या अंगठ्यावर टिकून होता.

"फोटोचं नाव असलं आकड्यांचं का गं?" चंदनबालानं विचारलं.

"ती तारीख आहे आत्ती. आधी साल, महिना, दिवस, आणि पुढं वेळ. किती वाजता काढला ते नावातच लिहिलेलं असतं."

कल्लाप्पाचा अंगठा हलला. पडदा क्षणभर अडला.

"मामा!"

"न्हाई, न्हाई. धरलंय."

तुटलं नव्हतं. परत सुरू झालं. महापूर आला, पाण्यात बुडालेली वेस आली. कोरोनात तोंड बांधून शेतात उभी असलेली तिघं आली. एकविसावं साल भराभर सरलं. कल्लाप्पाच्या कानशिलावरनं घाम ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्याच्या मनात एकच चाललं होतं. आता सोडू का? आता सोडू? बावीसचा जानेवारी आला. पतंग उडवणारा सन्मती आला. सोडलं तर हे आलेलं राहील, मागनं येणारं तेवढं जाईल, फार नाही जाणार. पण मागनं येणारे म्हणजे पोराचे शेवटचे दिवस होते. ते कसे बुडवायचे? आधी पोराला घालवलं, आता त्याचे दिवस घालवायचे? त्यानं अंगठा असा दाबला की नख पांढरं पडलं.

मार्च आला. प्रियदर्शनीनं सवयीनं बंद करायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

यार्डातले फोटो सहा होते. हळदीचा ढीग. पुन्हा ढीग. कुणाच्या तरी तळहातावर मोडून दाखवलेलं हळकुंड. वजनकाटा. पाचवा आला तो पोत्यांच्या थप्पीचा. लांबलचक थप्पी, खांब, एका हमालाची उघडी पाठ, सावलीला पडलेलं कुत्रं. थप्पीच्या कडेला मोकळी जागा होती आणि त्या जागेत कुणीही नव्हतं. सहावा फोटो परत ढिगाचा.

तो फोटोत आलाच नव्हता.

दोन वर्षं ज्याच्या भीतीनं पहाटे जागा राहिला ते असं रिकामंच निघालं. आता जगात कुणाजवळ काही पुरावा नव्हता. कल्लाप्पा सुटला होता. त्याला स्वतःलाही ते कळलं, आणि सुटल्यासारखं मात्र काही वाटेना.

"किती वाजताचं गं हे?" चंदनबालानं हळूच विचारलं.

"दहा वाजून सात मिनिटं."

चंदनबालानं पदर तोंडाला लावला. मग तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत सुनेदेखत तिनं कधी तसा हात ठेवला नव्हता. "बघा, दहाला माझा लेक यार्डात फिरत हुता. आनि तुमी तिकडं सकाळी सहापासनं उन्हात, पेवाच्या तोंडाशी एकलेच. बाप राबतोय, लेक राबतोय. तुमी तुमच्या हातानं सगळं नीट केलं वो. त्याचीच घाई नडली."

"मी पेवावर न्हवतो," कल्लाप्पा म्हणाला.

कुणालाच आधी समजलं नाही.

"काय म्हणालात मामा?"

"मी यार्डात हुतो. ह्या थप्पीच्या मागं. त्यानं बघू नये म्हनून लपलो." अंगठा वायरीवर तसाच होता. मान खाली होती. "मी फोटोत आलो असंन असं वाटायचं मला. न्हाई आलो."

चंदनबालाचा हात त्याच्या पाठीवरून निघाला.

"मग पेव कवा उघडलं?"

"साडेअकराला."

"आनि त्यानं इचारलं तवा?"

"सहाला म्हनलो."

पंचेचाळीस वर्षं ती पेव राखणाऱ्याची बायको होती. किती वाजता उघडायचं, किती वाजता उतरायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचे ओठ हलले. ती मोजत होती.

"सवा तास," ती म्हणाली.

लॅपटॉपवर व्हिडिओ यायला लागले होते. प्रियदर्शनीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते, पडद्याकडं तिचं लक्ष नव्हतं. कल्लाप्पाला वाटलं, आता बायको ओरडेल, छाती बडवेल, त्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं तसलं काही केलं नाही. ती पुढं सरकली, त्याच्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा लावला आणि वायर दाबून धरली.

"सोडा. मी धरते."

"अगं..."

"सोडा म्हनते न्हवं."

त्यानं हात काढून घेतला. पडद्यावरचा ओघ क्षणभरही तुटला नाही. बोटं आखडून गेली होती, ती सरळ होईनात. तो भिंतीला धरून उठला. चंदनबाला त्याच्याकडं बघत नव्हती, पडद्याकडं बघत होती. बघता बघताच बोलली, आवाज अगदी साधा, भाजीत मीठ घातलंय का विचारावं तसा.

"माझ्या तोंडानं मी त्याला नावं ठेवली दोन वर्षं. रोज. तुमी ऐकत बसलासा."

"व्हय."

"लोकं बस्तीच्या पायरीवर बसली असतील आता. जावा. त्यांना सांगा."

कल्लाप्पानं सुनेकडं बघितलं. तिनं मान वर केली. डोळे लाल होते आणि त्यात त्याच्यासाठी काही नव्हतं, रागसुद्धा नव्हता. "जा मामा," ती म्हणाली. "ब्राह्मी यायच्या आत जा. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. आल्यावर तिला तुम्हीच सांगायचं."

बस्तीपर्यंतची वाट ती काय, दोन गल्ल्यांची. वाटेत शेजारच्या धोंडुबाईनं दारातून विचारलं, "कुठं निघाला आप्पा?" "बस्तीकडं," म्हणून तो पुढं गेला. पायरीवर पाच-सहा जण ऊन खात बसले होते. सन्मतीला खांदा दिलेले दोघं होते, पेवं बुजवायचा सल्ला देणारा एक होता. पेवांच्या जागी आता प्लॉट पडणार म्हणून काहीतरी चाललं होतं. कल्लाप्पाला बघून एकानं सरकून जागा केली.

"या आप्पा, बसा."

तो बसला नाही. आतल्या खोलीत पोरांचा णमोकार मंत्र म्हणण्याचा आवाज चालला होता, त्यात ब्राह्मीचाही असणार. त्यानं तो संपायची वाट बघितली नाही.

"सन्मतीचं काय चुकलं न्हवतं," तो म्हणाला. "पेव मी साडेअकराला उघडलं हुतं, आनि त्याला सहाला म्हनून सांगितलं."